एकशे सत्तावीस वजनं

तिला सगळे ग्रॅमताई म्हणत. खरं नाव पगारपत्रकावर होतं, आणि तिथेच राहिलं होतं.

रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, लांब बोळाच्या टोकाला, पूर्वी चादरींची कोठी होती. चादरी गेल्या, फडताळं राहिली. त्या खोलीत ग्रॅमताई बसायची. समोर काळ्या फरशीचा ओटा. ओट्यावर वजनकाटा, ग्रॅमच्या दहाव्या हिश्शापर्यंत वजन दाखवणारा. शेजारी चिठ्ठी छापणारं छोटं यंत्र. कोपऱ्यात बेसिन. एक खुर्ची, एक पडदा, पडद्यामागे एक खुंटी. खिडकीची काच दुधी. वजन करताना खिडकी बंद ठेवायची, पंखाही बंद. झुळकीनेसुद्धा काट्याचं मन चळतं, असं ती म्हणायची.

खोकताना, हसताना, ओझं उचलताना ज्या बायकांना लघवी आवरत नाही, त्यांच्यावर डॉक्टरबाईंनी अभ्यास मांडला होता. चौऱ्याऐंशी बायका. निम्म्यांना ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम समोर बसवून शिकवायचा. निम्म्यांना त्याच व्यायामाचं छापील पत्रक देऊन घरी पाठवायचं. शेवटी बघायचं, कागद पुरतो की माणूस लागतं. कोणती बाई कुठल्या गटात, हे ग्रॅमताईला कळू द्यायचं नव्हतं. कळलं की हात नकळत एका बाजूला झुकतो.

तिचं काम फक्त वजनाचं. कोरडं पॅड काट्यावर ठेवायचं, आकडा लिहायचा, पॅड बाईला द्यायचं. बाई अर्धा लिटर पाणी प्यायची. मग तासभर चालणं, जिने चढणं-उतरणं, दहा वेळा खोकणं, जागच्या जागी धावणं, खाली पडलेला रुमाल उचलणं, आणि शेवटी एक मिनिट वाहत्या नळाखाली हात. मग पॅड पिशवीत आणि पिशवी काट्यावर. ओलं वजा कोरडं. फरक एक ग्रॅमच्या आत असेल तर तो घाम. एक ग्रॅमच्या वर असेल तर घाम नाही.

नवीन बाई दारातच अंग चोरून उभी राहायची. ग्रॅमताई मान वर न करता म्हणायची, "या. लाज त्या खुंटीवर टांगा. जाताना हवी असली तर घेऊन जा, नाहीतर राहू दे. बऱ्याच जणींच्या पडल्यात इथे."

बाई हसायची. हसता हसता दचकून थांबायची. ग्रॅमताईला ते थांबणं ओळखीचं होतं.

कारण तिचंही तेच होतं. सात वर्षं. आणि ते कुणालाही ठाऊक नव्हतं. धाकट्या लेकीच्या जन्मानंतर सुरू झालं असतं तर सांगता तरी आलं असतं. ते सुरू झालं चाळिशीला टेकताना, एका सर्दीत. सर्दी गेली, हे राहिलं. घरापासून रुग्णालयापर्यंतच्या वाटेवर तीन स्वच्छतागृहं होती, आणि त्यातलं मधलं सकाळी नऊनंतरच उघडायचं, हे तिला पाठ होतं. कपडे गडद. पर्समध्ये दोन पॅड, एका जुन्या चष्म्याच्या डबीत. बसमध्ये जागा कडेची. सिनेमात तर अगदी कडेची. नवरा चाव्या बनवायचा, त्याची जीभही किल्लीसारखी कुठेही शिरायची. "सिनेमाला मध्यंतर एक असतं, आमच्या हिची तीन," असं तो पाहुण्यांना सांगायचा. पाहुणे हसायचे. तीही हसायची, बेताने.

तुम्ही म्हणाल, दिवसभर जी बाई दुसऱ्यांच्या पॅडचं वजन करते, तिला स्वतःचं सांगायला काय झालं? तिच्या आईचं झालं होतं. आईला हाच त्रास होता. आई नेहमी दाराजवळच्या खुर्चीत बसायची, खाली चौघडी केलेलं जाड कापड. आत्या आली की नाकाला पदर न लावता पण लावल्यासारखी म्हणायची, "खिडकी उघडी टाकत जा गं जरा." तेव्हा ग्रॅमताई चौदा वर्षांची होती. मैत्रिणींना ती घरी आणायची नाही. एकदा ती आईवर खेकसली होती, "वेळेवर उठून जायला काय होतं गं तुला?" आईने फक्त कापडाची घडी सारखी केली होती. आई गेल्यावर सगळे म्हणाले, वय झालं होतं. आईचं वय एकोणपन्नास होतं.

ग्रॅमताई आता सेहेचाळीस वर्षांची होती.

स्वतःचं वजन करायचं तिच्या मनात नव्हतं. तो विचार बेकरीवालीने आणला.

बेकरीवाली ही अभ्यासातली एकोणिसाव्या क्रमांकाची बाई. दंड पैलवानाचे, आवाज बाजारातला. पिठाची पोती उचलताना त्रास व्हायचा म्हणून आली होती. पहिल्याच दिवशी तिने काटा न्याहाळला.

"आमच्याकडे पन्नास ग्रॅमवरून गिऱ्हाईक भांडतं. इथे एका ग्रॅमवरून डॉक्टर."

"एका ग्रॅमवर तर सगळं आहे," ग्रॅमताई म्हणाली.

"तुम्हाला सोपं आहे हो, ताई. तुम्ही काट्याच्या त्या बाजूला."

बेकरीवाली निघून गेली. ग्रॅमताई बराच वेळ काट्याच्या त्या बाजूला बसून राहिली. दोन वाजले होते. पुढची बाई तीनला यायची होती. तिने दाराला कडी घातली. पडद्यामागे गेली. पिशवी काट्यावर ठेवता ठेवता तिने मागे घेतली: कोरडं वजन केलेलंच नव्हतं. अशा पॅडचं कोरडं वजन ती डोळे मिटून सांगू शकली असती. पण अंदाज म्हणजे वजन नव्हे, म्हणून दुसऱ्या दिवशी तिने नीट केलं, सकाळी कोरडं आणि दुपारी ओलं. फरक चार पूर्णांक दोन ग्रॅम.

घाम नाही.

त्या दिवसापासून खोली रिकामी मिळाली की ती वजन करू लागली. पॅड स्वतःच्या पैशाचं. अभ्यासाच्या खोक्यातलं एकही पॅड तिने कधी घेतलं नाही. छापून आलेली चिठ्ठी ती बारीक फाडून कचऱ्यात टाकायची. आकडे मात्र लिहून ठेवायची. सवयच ती. धाकटीची शाळेची भूगोलाची वही होती, मागची पानं कोरी. तारीख, कोरडं, ओलं, फरक.

फडताळात व्यायामाच्या पत्रकांचा गठ्ठा होता. ते पत्रक तिला पाठ झालं. "लघवी मध्येच थांबवताना जे स्नायू आवळता, तेच आवळा. दहापर्यंत मोजा. सोडा." ती बसमध्ये मोजायची. गॅससमोर मोजायची. नवरा बोलत असताना मोजायची, आणि तो म्हणायचा, "लक्ष कुठाय तुझं?" दिवसातून तीनदा, एकही दिवस न चुकवता. आणि वहीतले आकडे चार, सहा, तीन, नऊ, सात. एकदा अकरा. इतर बायकांचे आकडे उतरताना ती बघत होती. कोण कुठल्या गटातली ते तिला माहीत नव्हतं, पण काहींचे उतरत होते. हिचे नव्हते. म्हणजे आईसारखंच, असं तिने मनाशी धरलं. ते एकदा धरल्यावर सुटेना.

अकरा महिने असे गेले. मग एका सोमवारी फाइलराव आला.

फाइलराव म्हणजे अभ्यासाचा समन्वयक. पन्नाशीचा, सदरा नेहमी इस्त्रीचा, काखेत नेहमी फाइल. तो झोपतानाही फाइल उशाला घेतो अशी वॉर्डात बोलवा होती. त्याचं म्हणणं एकच असायचं: जे लिहिलेलं नाही ते घडलेलंच नाही.

"गुरुवारी तपासणी," तो म्हणाला. "मुख्य केंद्रातून बाई येतेय. कडक आहे म्हणतात. गेल्या महिन्यात एका ठिकाणचा अख्खा अभ्यास कचऱ्यात काढला."

"का?"

"आवडेल तो आकडा येईपर्यंत पुन्हा पुन्हा मोजायचे. काट्याच्या पोटात सगळं सापडलं."

"कुठल्या पोटात?"

"अहो, काट्याच्या. प्रत्येक वजन तो आत लिहून ठेवतो. तारीख, वेळ, आकडा. चिठ्ठी फाडली काय, खाल्ली काय, त्याला फरक पडत नाही. ती बाई वायर लावून सगळं बाहेर काढते आणि आपल्या अर्जांशी ताडून बघते." तो हसला. "आपल्याला काय भीती? तुमचं काम म्हणजे काट्याच्या आधी काटा."

ग्रॅमताईने ओट्याची कड धरली. फाइलराव गेला. ती लगबगीने बोळातल्या स्वच्छतागृहाकडे निघाली, आणि अर्ध्या वाटेतच कळलं की आता लगबगीचा उपयोग नाही.

मंगळवारी फाइलरावाने स्वतःच वायर लावून पाहिलं. तपासनीस यायच्या आत घर झाडून घ्यावं, तसं. दुपारी तो परत आला तेव्हा इस्त्रीच्या सदऱ्याची काख भिजलेली होती.

"ग्रॅमताई, एकशे सत्तावीस वजनं जास्त आहेत."

तिने पेनाला टोपण लावलं.

"कुठल्याही बाईच्या क्रमांकाशी जुळत नाहीत. अकरा महिन्यांतली. निम्मी सकाळची, निम्मी दुपारी दोनच्या सुमाराची." तो खुर्चीत बसला. "ही वजनं कसली ते सांगता आलं नाही, तर ती म्हणणार, तुम्हीही पुन्हा पुन्हा मोजलंत. चौऱ्याऐंशी बायका. दोन वर्षं. डॉक्टरबाईंचे केस ह्या अभ्यासात पांढरे झालेत."

तोंड उघडलं तर नेमकं काय बाहेर पडेल, याचा ग्रॅमताईला भरवसा नव्हता.

फाइलरावानेच तोडगा काढला. "तुम्ही काटा तपासत असणार. बरोबर ना? काटा नीट चालतोय का बघायला काहीतरी ठेवून बघत असणार. लिहायचं राहून गेलं, एवढंच." त्याने फाइलमधून कोरा अर्ज काढला. वर टाइप करून आणलं होतं: काट्याची नियमित तपासणी. "इथे सही करा. तारीख आजची. झालं."

त्याचा आवाज मायेचा होता. तो काही लबाड माणूस नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. म्हणूनच पंचाईत झाली. लबाडाला नाही म्हणणं सोपं असतं.

"उद्या देते," ती म्हणाली. "वाचून देते."

"वाचायचं काय त्यात?" पण त्याने अर्ज ठेवला.

त्या रात्री नवऱ्याने दोनदा विचारलं, भाजीत मीठ नाही का? तिने दोनदा मान हलवली. मीठ होतं की नव्हतं, तिला कळलं नव्हतं. झाकली मूठ तिच्या हातात होती. मूठ झाकलेलीच ठेवायला एक सही पुरत होती. पण काटा पारखायचा तर ठरलेलं पन्नास ग्रॅमचं वजन ठेवतात, आणि आकडा दर वेळी पन्नासच येतो. हे तिला ठाऊक होतं. त्या कडक बाईलाही ठाऊक असणार. तिच्या ओल्या वजनांत दोन सारखी नव्हती. सही केली आणि ती खोटी निघाली, तर अभ्यास जाणारच, वर डॉक्टरबाईंच्या नावावर खोटेपणा. सही न करता गप्प बसली, तरी अभ्यास जाणार. आणि तोंड उघडलं तर? बोळ, वॉर्ड, उपाहारगृह, नवरा, मुली. खिडकी उघडी टाकत जा गं जरा.

तिने वही गादीखालून काढली, पर्समध्ये ठेवली, पुन्हा काढली, पुन्हा ठेवली.

बुधवारी सकाळी बेकरीवाली आली. तिचं शेवटचं वजन होतं. तिने तास पुरा केला. दहा वेळा खोकली, तेही असं की खालच्या मजल्यावर कुणीतरी "कोण आजारी आहे रे?" म्हणून विचारलं. मग पिशवी काट्यावर गेली.

अकरा महिन्यांपूर्वी फरक अठरा ग्रॅम होता. आता दीड.

"कमी आहे ना? तुमच्या तोंडावरून काही कळत नाही हो, ताई. तुम्ही पत्ते खेळायला पाहिजे."

"मला सांगायची परवानगी नाही."

"नका सांगू. मला माहीत आहे. पोतं उचलते आता, कोरडी." बेकरीवाली खुर्चीत ऐसपैस बसली. "गंमत सांगू? मी जावेला सांगितलं. म्हटलं, मी अशी अशी जाते रुग्णालयात. तर ती रडायलाच लागली. तीही तशीच. वीस वर्षं एका छपराखाली. मी माझे कपडे पहाटे वाळत घालायचे, ती दुपारी. एकमेकींना चोरून. दोघींना वाटायचं, दुसरीला नखरे आहेत."

ग्रॅमताई आकडा लिहीत होती. पेन थांबलं.

"आता माझे ग्रॅम कुठे जाणार, ताई?"

"पुस्तकात. डॉक्टरांच्या."

"नाव येणार?"

"नाव नाही. आकडा."

"आकडा तर आकडा. जावेला दाखवीन. म्हणीन, ह्यातला एक माझा." ती उठली, दाराशी वळली. "नीट लिहा हं. माझे ग्रॅम वाया घालवू नका."

तो अर्ज ओट्यावर, काट्याच्या शेजारी होता. ग्रॅमताईने त्याची चौघडी केली. कडा एकमेकांवर बरोबर आणल्या. आपण हे आईसारखं करतोय, हे तिला घडी झाल्यावर कळलं. अर्ज तिने पर्समध्ये टाकला. सही नव्हतीच.

गुरुवारी तपासनीस बाई दहाला एक मिनिट कमी असताना आली. पस्तिशीची, बारीक, केस मागे घट्ट. चहा नको म्हणाली, पाणी नको म्हणाली. वायर लावली. तिच्या संगणकावर आकड्यांच्या रांगा उतरू लागल्या. जुळलेले पांढरे, न जुळलेले पिवळे. डॉक्टरबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, हाताची घडी. फाइलराव दाराशी. हळूहळू संगणकाचा पडदा पिवळा होत गेला.

"एकशे सत्तावीस," तपासनीस म्हणाली. "ही काय आहेत?"

फाइलरावाने ग्रॅमताईकडे पाहिलं. "काट्याची तपासणी आहे. अर्ज ह्यांच्याकडे आहे. काढा ना, ताई."

ग्रॅमताईने पर्स उघडली. चष्म्याची डबी हाताला लागली. घडी केलेला अर्ज लागला. मग वही. तिने वही काढली. भूगोल, इयत्ता सातवी, वर धाकटीच्या अक्षरात नाव आणि एक चांदणी.

"ती वजनं माझी आहेत," ती म्हणाली.

"तुम्ही केलेली, हे माहीत आहे."

"केलेली मी. पॅडही माझी." आवाज फाटला. तिने पुन्हा म्हटलं, सारखं, मोजून. "मलाही त्रास आहे. सात वर्षं. अभ्यासातलं पॅड एकही घेतलेलं नाही. हे आकडे आहेत. बघा."

बोळातून एक ढकलगाडी कुरकुरत गेली, पार टोकापर्यंत. फाइलराव फाइलकडे बघू लागला, जणू तिच्यात काहीतरी हलत होतं. ग्रॅमताईने डॉक्टरबाईंकडे पाहिलं नाही. तिचं सगळं लक्ष आवळण्यात होतं, कारण नेमकं त्याच वेळी लागली होती.

तपासनीस बाईने वही घेतली. "बसा," एवढंच म्हणाली, आणि पहिल्या तारखेपासून ताडायला लागली. पिवळी ओळ, वहीतली ओळ, खूण. तिने घाई केली नाही. सवा तास लागला. मध्ये ग्रॅमताई उठली आणि म्हणाली, "मी येते." परत आली तेव्हाही खुणा चालूच होत्या.

"त्रेसष्ट दिवस, एकशे सव्वीस वजनं. सगळी जुळतात." तपासनीसने मान वर केली. "एक राहिलं. आठ महिन्यांपूर्वीचं. सकाळी अकरा दहा. अठ्ठावन्न पूर्णांक तीन ग्रॅम. हे वहीत नाही."

अठ्ठावन्न? ग्रॅमताईने आठवून पाहिलं. सकाळी अकरा. मंगळवार. तिचं एकही पॅड इतकं जड झालं नव्हतं. एक आकडा, एकच, आणि सगळं परत संशयात. तिने ओट्याकडे पाहिलं, बेसिनकडे, खुंटीकडे.

मग तिला वास आठवला. भाजलेल्या कणकेचा.

"तो बन आहे," ती म्हणाली.

"काय आहे?"

"बन. पाव असतो ना, गोल. एकोणिसाव्या क्रमांकाच्या बाईंची बेकरी आहे. तीन महिन्यांच्या वजनाला आल्या होत्या. नवरा म्हणतो माझे बन हलके झालेत, बघू जरा, म्हणाल्या. मी नको म्हणेपर्यंत ठेवला. पिशवीसकट. साठाचा हवा होता. त्या चिडल्या."

डॉक्टरबाईंच्या तोंडून एक आवाज आला. खोकला असावा.

तपासनीस बाई हसली नाही. तिने त्या दिवशीच्या अर्जावर एकोणिसाव्या क्रमांकाची वेळ पाहिली. अकरा पाच. मग शेवटच्या पिवळ्या ओळीसमोर तिने लिहिलं: बन.

"निर्णय मी देत नाही," ती वायर गुंडाळताना म्हणाली. "मी पाहिलं ते लिहिते. तुम्ही हे सगळं लिहून द्या. सही, आजची तारीख. वही मी नेते." दाराशी थांबून तिने वहीची धूळ झटकली. "नोंद स्वच्छ ठेवली आहे. काटा वापरायला नको होता."

"हो," ग्रॅमताई म्हणाली.

ती गेल्यावर डॉक्टरबाई खुर्चीत बसल्या. त्यांचा राग सगळ्या मजल्याला माहीत होता. ग्रॅमताई वाट बघत राहिली.

"अगं, एवढंच विचारते. बारा पावलांवर माझा दरवाजा आहे. अकरा महिने काट्याला सांगत बसलीस?"

"काटा तोंडावर काही दाखवत नाही, बाई."

डॉक्टरबाईंनी काट्याचं बटण बंद केलं. म्हणाल्या, "उद्यापासून काट्याला हात लावायचा नाही. आणि सोमवारी व्यायामवालीकडे जायचं. तपासून घ्यायला. हा हुकूम आहे."

संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं. जेवायच्या टेबलाशी, पाणी ओतता ओतता, जसं काही दूधवाला बदलल्याचं सांगावं. तो पुष्कळ वेळ एक किल्ली बोटावर फिरवत राहिला.

"म्हणजे सिनेमात..."

"हो."

"मला वाटायचं, तुला सिनेमे आवडत नाहीत." त्याने किल्ली खिशात ठेवली. मध्यंतराचा विनोद त्याने पुन्हा केला नाही. तिला त्याचीही थोडी चुटपुट लागली.

सोमवारी व्यायामवालीने तिला टेबलावर निजवलं. व्यायामवाली म्हणजे अभ्यासातल्या निम्म्या बायकांना शिकवणारी फिजिओथेरपिस्ट. तिशीची, शांत, हात गरम. तिने नीट सांगून, विचारून तपासायला हात ठेवला. म्हणाली, "आवळा."

ग्रॅमताईने आवळलं. मनात एक, दोन, तीन.

"थांबा. पुन्हा."

एक, दोन, तीन.

"तुम्ही ढकलताय."

"नाही. आवळतेय. पत्रकात लिहिलंय तसंच."

"तुम्हाला आवळल्यासारखं वाटतंय. श्वास रोखून खाली जोर देताय. आत, वर ओढायचं असतं. हे उलटं आहे." तिने विचारलं, "कधीपासून करताय?"

"दहा महिने. दिवसातून तीनदा."

व्यायामवाली हसली नाही. ग्रॅमताई छताकडे बघत राहिली. छतावर ओलीचा एक डाग होता. म्हणजे आईसारखं नव्हतंच कदाचित. किंवा असेलही. आता पुन्हा सगळं पहिल्यापासून, आणि हातात वही नाही, काटा नाही.

"नीट जमायला किती दिवस?"

"सांगता येत नाही. तीन महिने तरी. आणि ह्या तीन महिन्यांत वजन करायचं नाही."

"मग कळणार कसं?"

"पुन्हा करा," व्यायामवाली म्हणाली. "श्वास सोडत. आता माझ्या बोटाला वर ओढल्यासारखं. हं. हे थोडं बरोबर आहे. थोडंसं."

मुख्य केंद्राचं पत्र यायला तीन आठवडे लागले. ते एकवीस दिवस ग्रॅमताई टपाल येण्याच्या वेळेला जिन्यातच उभी असायची. पत्र दीड पानाचं होतं. चौऱ्याऐंशी बायकांची वजनं ग्राह्य. संबंधित कर्मचाऱ्याला वजनाच्या कामावरून दूर ठेवावं. काटा कुलूपबंद असावा. फाइलरावाने पत्र फाइलला लावलं आणि तिच्यासाठी चहा घेऊन आला. दोघांनी तो उभ्याउभ्याच प्यायला. तिच्या जागी आलेली मुलगी नवीन बायकांना म्हणू लागली, "बसा ना, लाजू नका." ग्रॅमताईला ते फिकं वाटलं, पण ती बोलली नाही.

तिला शेजारच्या खोलीत टाकलं, लघवीची धार मोजणाऱ्या यंत्रावर. तिथे म्हातारे पुरुष येत. त्यांचं उलटं. लागते, पण सुटत नाही. खुर्चीसारखं आसन, खाली नरसाळं, आणि दाराबाहेरच्या छोट्या पडद्यावर रेघ चढते, किती जोराने, किती वेळ. ग्रॅमताईने बाहेर बसून रेघ बघायची.

पहिल्याच आठवड्यात एक निवृत्त घड्याळजी आले. पाऊण तास आत. रेघ सपाट.

"बाई, तुम्ही बाहेर आहात का?" आतून विचारलं.

"आहे, काका."

"तुम्ही आहात म्हणून होत नाहीये. घरी सारखी लागते. इथे आलं की रुसून बसते."

"सगळ्यांची बसते. मी थोडी लांब जाते."

"नको, मग वाटेल तुम्ही ताटकळताय."

ग्रॅमताई उठून उभी होती. सकाळचे दोन कप चहा, जिना, हा पाऊण तास. तिने एकदा आत ओढून पाहिलं, श्वास सोडत, शिकवल्यासारखं. धरलं की नाही, कळेना.

"काका, मी ताटकळत नाही," ती दाराला तोंड लावून म्हणाली, आणि बोळात दोन परिचारिका उभ्या होत्या तरी आवाज खाली केला नाही. "मलाही जोरात लागली आहे. मी जाऊन येते. तुम्ही तुमचं बघा."

आत म्हातारा खो खो हसायला लागला.

ती भराभर निघाली. तिच्या मागे पडद्यावरची रेघ हलली, आधी बारीक, मग वर. यंत्राने टिकटिक सुरू केली. तिला ऐकू आलं. पण थांबून बघण्याइतका वेळ तिच्याकडे नव्हता. बोळ लांब होता, आणि ती मोजत होती.